सामाईक भिंत

बोदवडला आमच्या आणि नानांच्या घरात एकच भिंत होती. जुन्या गावठाणातल्या धाब्याच्या घरांची रीतच तशी. भिंत एक, आणि दोन्ही घरांच्या कड्या दोन बाजूंनी तिच्यावर टेकलेल्या. पांढऱ्या मातीची, हात-दीड हात जाडीची ती भिंत उन्हाळ्यात दोन्ही घरं गार ठेवायची आणि पावसाळ्यात दोन्ही घरांची काळजी वाढवायची. आमच्या धाब्यावर पाणी मुरलं की नानांच्या देवघरामागे ओल उतरे. त्यांच्या पन्हाळीत काडीकचरा अडकला की आमच्या स्वयंपाकघराचा कोपरा फुगे. आज माझ्या घरातला गळका नळ, उडालेला फ्यूज, अडकणारं दार, गच्चीतली ओल हे सगळं मी आधी स्वतः पाहते, मग गरज असेल तर कारागिराला बोलावते. ही विद्या मला ज्या माणसाने दिली, त्याच्या ऋणाबद्दल आज लिहायचं आहे.

नाना रेल्वेत होते. भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरांची मोठी वस्ती, आणि ती क्वार्टरं राखण्याचं काम आयओडब्ल्यूच्या, म्हणजे इन्स्पेक्टर ऑफ वर्क्सच्या, ऑफिसकडे. नाना तिथे फिटर. गळके नळ, तुंबलेली गटारं, बिजागरीतून सुटलेली दारं, फुटलेली कौलं, जे येईल ते काम. रोज पॅसेंजरने अप-डाऊन करायचे. मी आठवीत असताना माझे वडील गेले. ते जिनिंग प्रेसमध्ये मुनीम होते. घरात मागे राहिलो आई, मोठीमाय म्हणजे माझी आजी, आणि मी. त्या उन्हाळ्यात धाब्यावर माती टाकायची वेळ आली, तेव्हा आईने नानांना विचारलं, कुणी माणूस मिळेल का? नाना म्हणाले, ‘‘मी करून देईन वहिनी, त्यात काय. पण मंग दरसाल तुम्हाले मलेच बोलवा लागीन. त्यापेक्षा पोरीले वर पाठवा. मी सांगतो, ती करीन.’’

त्या काळी विधवेच्या घरावर दया दाखवणारी माणसं पुष्कळ होती. तिच्या पोरीच्या हातात घमेलं आणि थापी देणारा माणूस आम्हाला एकच भेटला.

धाबं म्हणजे काय, हे आता गावातल्या मुलांनाही सांगावं लागतं. भिंतीवर लाकडी कड्या, कड्यांवर पाट किंवा काठ्यांची दाट मांडणी, त्यावर लिंबाचा पाला किंवा तुराट्या, आणि त्यावर मातीचे थर. वरून सपाट दिसलं तरी त्याला पन्हाळीकडे हलका उतार असतो. सगळ्यात वरचा थर खाऱ्या मातीचा. तापी-पूर्णेच्या खोऱ्यात अशी माती मिळते. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली, माहेरवाशिणी सासरी परतल्या, की गाड्या भरून खारी माती यायची आणि मृग लागायच्या आत ती धाब्यावर चढायची.

ही माती शेतात कुणाला नको असते, आणि छपरावर मात्र तिचाच मान. मोठीमायला कारण माहीत नव्हतं, अनुभव माहीत होता. नानांनी मला कारण सांगितलं, आणि पुढे कॉलेजात मातीचं रसायन शिकताना ते खरं असल्याचं कळलं. खाऱ्या चिकणमातीत सोडियम असतं. पहिल्या पावसात तिचे कण फुगतात, सुटे होतात आणि आपल्याच छिद्रांत जाऊन बसतात. वरचा थर असा गच्च मिटतो की पाणी खाली जिरण्याऐवजी उतारावरून पन्हाळीला लागतं. शिवाय क्षारामुळे तिच्यात गवत धरत नाही. धाब्याला गवत वाईट, कारण मूळ जिथे उतरतं तिथे त्याच्यामागून पाणी उतरतं. म्हणून पहिला जोराचा पाऊस थांबला की वर जायचं, पावलाने माती दाबून पाहायची, जिथे पाय रुतेल तिथे घमेलंभर माती टाकून धुमसाने ठोकायची. हे मी त्या वर्षी केलं. मोठीमाय खाली ओट्यावर बसून सूचना देत होती आणि नाना आपल्या धाब्यावरून माझ्या धाब्यावर लक्ष ठेवून होते. दोन्ही धाब्यांच्या मधे वीतभर उंचीची कड होती, तेवढीच हद्द.

पावसाळ्यात आमच्या कोपऱ्यात पुन्हा ओल आली. मी ओल दिसत होती तिथे वर माती टाकायला निघाले. नानांनी थांबवलं. ‘‘ओल दिसते तथी पानी शिरत नसते, बाई. पानी वरतून कुठून निंघालं, कुठी थांबलं, कुठून उतरलं, ती वाट पाह्य आधी. मंग हात लाव.’’ आम्ही दोघांनी कडीच्या रेषेने माग काढला. पाणी शिरत होतं चार हात लांब, पन्हाळीच्या बुडाशी. तिथून ते कडीवरून सरकत भिंतीशी येऊन उतरत होतं. पन्हाळीचं बूड चिखलात तुराटीचा भुसा कालवून बुजवलं आणि कोपरा सुकला.

पाण्याची वाट आधी पाहायची, हे नानांच्या साऱ्या शिकवणीचं मूळ. पुढे जे जे शिकले, ते या एका वाक्याचा विस्तार होता. बोदवडसारख्या गावात हे समजायला वेळ लागतो, कारण इथे पाणी ही आधी टंचाईची गोष्ट आहे. नळाला पाणी कितीतरी दिवसांनी येतं. प्रत्येक घरात हौद, ड्रम, टाक्या. पाऊस वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत उरकणारा. तरीही घरं मोडतात ती पाण्यानेच. लाकूड कुजतं ते पाण्याने, सळई गंजते ती पाण्याने, काळी माती फुगून पाया हलतो तो पाण्याने. प्यायला पाणी कमी, म्हणून ते जपायचं. घराला पाणी घातक, म्हणून ते वळवायचं. नाना या दोन्ही कामांना एकच काम समजत.

नळाचा वायसर बदलायला त्यांनी मला शिकवलं तो प्रसंग हाताला अजून आठवतो. अंगणातला पितळी नळ घट्ट पिळूनही टपकत होता. नानांनी पान्हा माझ्या हातात दिला आणि स्वतः मागे हात बांधून उभे राहिले. आधी मागची मेन चावी बंद. मग नळ पूर्ण उघडून पाइपातलं उरलेलं पाणी काढून टाकायचं. नळाच्या मानेला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळायची, म्हणजे पान्ह्याचे दात धातूला लागत नाहीत. मग डावीकडे पिळून मान सोडवायची आणि दांडी वर ओढायची. तिच्या टोकाला बसलेला रबरी वायसर बाहेर आला. त्यावर गोल खाच पडली होती. नाना म्हणाले, आता बोट घाल. मी नळाच्या पोटात करंगळी घातली. वायसर जिथे टेकतो ती पितळी कड बोटाला गुळगुळीत लागली पाहिजे. ती खरबरीत असेल तर नवा वायसरही महिन्याभरात कापला जाणार, मग आधी कड घासून घ्यायची. आमची कड चांगली होती. दुकान बंद होतं, म्हणून नानांनी जुन्या चपलेच्या चामड्यातून गोल कापून दिला. तो चामडी वायसर कित्येक महिने टिकला. जोडाच्या आट्यांना तेव्हा ताग आणि सफेदा लावत. पुढे टेफ्लॉन टेप आली, तेव्हा ती आट्याच्याच दिशेने गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर पिळताना सुटून येते, हेही त्यांनीच दाखवलं.

नळ टपकायचा थांबल्यावर त्यांनी मला हिशोब घातला. सेकंदाला एक थेंब, तर दिवसाला किती? ८६,४०० थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी चार लिटरच्या वर पाणी. एका माणसाचं दिवसाचं पिण्याचं पाणी एका चामड्याच्या चकतीवर अवलंबून होतं. बोदवडच्या कुठल्याही घरात हा हिशोब सांगितला तर माणूस लगेच उठून नळाकडे जातो.

असा एकेक थेंब राखणारे नाना चैत्र-वैशाखात एक काम असं करत की गल्लीतल्या लोकांना नवल वाटे. आठवड्यातून एकदा ते दोन्ही घरांच्या अर्थिंगच्या खड्ड्यांत बादलीभर पाणी ओतत. धुण्याचं, भांड्यांचं उरलेलं पाणी ते त्यासाठी वेगळं ठेवायला सांगत. अर्थिंगच्या खड्ड्यात लोखंडी पाइपाभोवती कोळसा आणि मीठ भरलेलं असतं. माती ओली असेल तर घरातल्या बिघडलेल्या यंत्राचा करंट त्या वाटेने जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. माती कोरडी ठणठणीत झाली की ती वाट जवळजवळ बंद होते. खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, जमिनीला भेगा पडतात, आणि नेमके तेव्हाच घरोघरी पत्र्याचे कूलर चालू असतात. पत्रा, पाणी आणि वीज एका ठिकाणी, खाली ओली फरशी, आणि अर्थिंग कोरडं. उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणूस गेल्याची बातमी आमच्या भागात दरवर्षी येते, तिच्यामागे अनेकदा एवढंच असतं.

मी बारावीत असताना आमच्या कूलरच्या मोटारीची वायर आतून उघडी पडली. आई कूलरमध्ये पाणी भरत होती. फट् आवाज झाला, घर अंधारात गेलं आणि आईच्या हातातली बादली सांडली. तिला काही झालं नाही. करंट पत्र्यावर आला त्याच क्षणी अर्थिंगने जमिनीत गेला आणि चिनीमातीच्या फ्यूजमधली तार वितळली. नाना आले. त्यांनी मेन स्विच बंद करून टेस्टरने सगळं तपासलं आणि मला मोटारीची जळकी वायर दाखवली. मग आईसमोर हात जोडून म्हणाले, ‘‘वहिनी, याच्यापुढे पानी भरताना पिन काढल्याबिगर बादली उचलू नका.’’ त्यांनी आवाज चढवला नाही, पण आमच्या घरातली ती आज्ञा झाली. माझ्या आत्ताच्या घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला आहे, महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो की नाही हे मी पाहते, आणि तरीही उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी जातंच. त्या दिवशी माझी आई वाचली, ती नानांनी ओतलेल्या बादल्यांनी. हे ऋण कुठल्या वहीत लिहायचं?

पुढे मला शाळेत नोकरी लागली आणि आम्ही धाबं उतरवून स्लॅबचं घर बांधायचं ठरवलं. नाना तेव्हा निवृत्त झाले होते. सामाईक भिंतीचा त्यांचा भाग त्यांनी आधी लाकडी टेकू देऊन सावरला, मग आमचा भाग उतरवू दिला. बांधकामावर ते रोज यायचे, खुर्ची घेऊन सावलीत बसायचे आणि मला मिस्त्रीशी बोलायला लावायचे. स्वतः बोलले असते तर मिस्त्रीने त्यांचं लगेच ऐकलं असतं. पण घर माझं होतं, आणि पुढची चाळीस वर्षं त्या घराशी मलाच वागायचं होतं.

स्लॅब ओतला तो मे महिन्यात. मातीला वाळावं लागतं आणि सिमेंटला भिजावं लागतं, हा फरक मला तेव्हा नीट समजला. सिमेंट घट्ट होतं ते पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने. पाणी आधीच उडून गेलं तर ती क्रिया अर्धवट राहते आणि काँक्रीट कायमचं कच्चं राहतं. किमान सात दिवस ते सतत ओलं हवं, आमच्या उन्हात त्याहून जास्त. आम्ही स्लॅबवर मातीचे छोटे बांध घालून शेतात करतात तसे वाफे केले, पाणी भरलं, आणि वाफ्यांबाहेरच्या भागावर ओली गोणपाटं टाकली. गावात टँकर चालू होते. आईला एवढं पाणी छपरावर ओतणं जिवावर येत होतं. नाना म्हणाले, ‘‘प्यायले कमी पडलं तर चार घरी मांगू. स्लॅब तान्हेला ठेवू नका.’’ त्यांच्या घरातला एक ड्रम दोन आठवडे आमच्या स्लॅबवर रिकामा होत होता. नानी भांडी राखेने घासून पुसून घेत होती. या गोष्टीची त्या घराने पुन्हा कधी आठवणही काढली नाही.

गच्चीचा कोबा झाला, उतार काढला, गच्ची आणि कठडा मिळतात त्या कोपऱ्यात गोल वाटा मारून घेतला, कारण काटकोनातला सांधा सगळ्यात आधी फाटतो. तरी नाना म्हणाले, खरी परीक्षा पावसाची. पहिला पाऊस पडून गेल्यावर तासाभराने त्यांनी मला विटकरीचा तुकडा घेऊन वर पाठवलं. जिथे जिथे पाणी साचलं होतं, त्या प्रत्येक डबक्याच्या काठाने मी रेघ ओढली. दुपारी गच्ची सुकली, रेघा राहिल्या. दोन डबकी होती. एक पन्हाळीच्या तोंडाशी, एक जिन्याजवळ. मिस्त्रीला बोलावून रेघा दाखवल्या. वादाला जागाच नव्हती. पाण्याने स्वतः सही केली होती. त्याने त्या दोन ठिकाणी घासून उतार सुधारून दिला. आजही दर मृगात मी विटकरीचा तुकडा घेऊन वर जाते.

त्याच बांधकामात नानांनी मला घरवही करायला लावली. रेल्वेत प्रत्येक क्वार्टरची नोंद असते, तशी आपल्या घराची नोंद आपण ठेवायची. भिंतीला गिलावा होण्याआधी पाइप आणि वायरी कुठून गेल्या, ते टेपने मोजून लिहायचं, कारण एकदा गिलावा झाला की ते कुणालाच दिसत नाही. माझ्या वहीत अशा नोंदी आहेत: ‘बाथरूम, पूर्व भिंत. पाइप फरशीपासून सव्वा फूट. खिळा मारू नये.’ ‘वरची टाकी धुतली. बॉल कॉकचा दांडा झिजला, नवा टाकला.’ ‘मागच्या खोलीचं दार पावसाळ्यात अडकतं, दिवाळीला मोकळं होतं. तासू नये.’ ही शेवटची नोंद नानांनी सांगितलेली. पावसाळ्यात फुगलेलं दार रंध्याने तासलं की हिवाळ्यात फट पडते. आधी त्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला रंग लागलेला आहे का ते पाहायचं, कारण सुतार तिथे रंग लावायचा विसरतो आणि लाकूड तिथूनच ओल पितं.

काही वर्षांनी जिन्याखालच्या भिंतीला तिरपी भेग पडली. आमची जमीन काळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पायाजवळ पाणी मुरत असेल तर घराला खालून हलवत राहते. माझा जीव खालीवर झाला. नानांनी काचेची एक अरुंद पट्टी मागवली. भेगेवर आडवी ठेवून तिची दोन्ही टोकं सिमेंटने भिंतीला चिकटवली आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहिली. रेल्वेच्या पुलांच्या दगडी कामाला भेग गेली की अशी पट्टी लावतात. भेग वाढत असेल तर काच तडकते, नसेल तर अखंड राहते. एक पावसाळा आणि एक उन्हाळा आम्ही ती काच पाहत राहिलो. काच शाबूत राहिली. मग भेग खरवडून, भिजवून, भरून घेतली, आणि तिचं मूळ असलेलं गच्चीच्या पाइपाचं पाणी पायापासून दूर चारीत सोडलं. घाबरून लगेच भेग लिंपून टाकली असती, तर ती जिवंत आहे की मेलेली हे कधीच कळलं नसतं. दुरुस्तीत पाहत राहणं हेही काम असतं, हे मला त्या काचेने शिकवलं.

कुठे हात घालायचा नाही, हेही नाना तितक्याच ठामपणे सांगत. मीटरपर्यंतची वायर वीज मंडळाची, तिला हात लावायचा नाही. गॅसचा वास आला तर खिडक्या उघडायच्या, रेग्युलेटर बंद करायचा, विजेचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, आणि माणूस बोलवायचा. खांबातली किंवा तुळईतली सळई उघडी पडून गंजलेली दिसली तर गिलावा मारून झाकायची नाही, इंजिनिअरला दाखवायची. सळई गंजली की जाड होते आणि काँक्रीटला आतून फोडते. वरून लिंपलं तरी आतलं फुटणं चालूच राहतं. ज्याला स्वतःच्या कामाची मर्यादा माहीत आहे, त्यालाच ते काम येतं, असं ते मानत. म्हणून आमच्या घरात कारागिराचा मान कधी कमी झाला नाही. उलट, काम कसं होतं ते माहीत असल्यामुळे चांगला प्लंबर, चांगला मिस्त्री ओळखता येऊ लागला आणि त्याने सांगितलेले पैसे देताना मन कुरकुरेनासं झालं.

पुढे त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ वाचला. १९१५ सालचं पुस्तक. त्यातली बलुतेदारीची रीत वाचताना मला नाना वेगळ्या अर्थाने कळले. सुतार आणि लोहार यांना सुगीला धान्याचा वाटा मिळे, तो वर्षभर नांगर, पाभर, गाडी चालू ठेवण्याचा. प्रत्येक दुरुस्तीचे पैसे वेगळे मोजायचे नसत. त्या रचनेत जातीची सक्ती होती, माणसाला जन्माने जखडणारी विषमता होती, आणि ती मोडलीच पाहिजे होती. पण तिच्यातली एक समजूत आपण फेकून द्यायला नको होती. वस्तू घेतली की ती राखण्याची व्यवस्थाही गावाने करून ठेवायची असते. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. जीर्णोद्धाराच्या नावाखाली मोडतोड करण्यापेक्षा रोजची छोटी देखभाल इमारतीला वाचवते, हा त्या संस्थेचा आग्रह. भुसावळच्या क्वार्टरांत आयुष्य घालवलेल्या माणसाने यातलं काही वाचलं नव्हतं. त्याला ते हाताने माहीत होतं.

एवढं सगळं दिलं आणि नानांनी त्याचे पैसे कधी घेतले नाहीत. आईने एकदा पाकीट पुढे केलं तर ते दोन दिवस आमच्याकडे आले नाहीत. आई समजली. त्यानंतर दर आखाजीला खापरावरचे मांडे आणि आमरस पहिल्यांदा नानांच्या घरी जायचा, मग आमच्या देवापुढे. कानबाईच्या सणाआधी दोन्ही घरांना एकाच दिवशी चुना लागायचा, आमच्या बाजूचा मी लावायची, त्यांच्या बाजूचा नाना. नानीला डोळ्यांनी कमी दिसू लागल्यावर तिचा शिवणाचा हात आई झाली. देणं-घेणं असं होतं, पण फेडाफेडीची भाषा दोन्ही घरांत कुणी बोललं नाही.

मला जे मिळालं त्याची खरी किंमत मी गावाबाहेर पडल्यावर जाणली. हार्डवेअरच्या दुकानात अर्ध्या इंचाचा वायसर मागितला की दुकानदार माझ्यामागे कुणी पुरुष आलाय का ते पाही. माझ्या बरोबरीच्या, शिकलेल्या, कमावत्या मैत्रिणी घरातला फ्यूज उडाला की नवरा येईपर्यंत अंधारात बसत. त्यांच्यात काही उणं नव्हतं. त्यांच्या हातात कुणी पान्हा दिला नव्हता, एवढंच. वडील गेलेल्या घरात मी वाढले, पण घरासमोर हतबल होऊन बसण्याची वेळ आमच्यावर आली नाही. आईला कुणापुढे मिनतवारी करावी लागली नाही. तिचा तो ताठ कणा हे नानांचं माझ्यावरचं सगळ्यात मोठं ऋण आहे.

नाना गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांचा मुलगा पुण्याला असतो, नानी इथेच राहते, तिला गाव सोडवत नाही. त्यांचं अर्धं घर अजून धाब्याचं आहे. आखाजीनंतर खारी माती येते तेव्हा तिच्या धाब्यावर मी चढते. गुडघे कुरकुरतात, म्हणून आता गल्लीतल्या दोन मुली आणि एक मुलगा सोबत असतात. त्यांना मी उतार दाखवते, पन्हाळीचं बूड दाखवते, आणि त्यांच्या हातून करून घेते. माझ्या शाळेत दहावीच्या मुलामुलींना मी दरवर्षी वायसर बदलायला, प्लगला तीन वायरी जोडायला आणि मेन स्विच बंद करायला शिकवते. अभ्यासक्रमात ते नाही. मुलं मात्र वर्षभरात दुसरं काही विसरली तरी हे विसरत नाहीत, असं त्यांच्या आया येऊन सांगतात. नानांचं ऋण त्यांना परत करता येत नाही, ते असं पुढे द्यावं लागतं.

हे वाचणाऱ्यांना माझं सांगणं थोडकं आहे. तुमचं घर धाब्याचं असो, स्लॅबचं असो की पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट, मृगाच्या आधी एकदा सगळीकडे फिरून पाण्याची वाट पाहा. पन्हाळ आणि जाळ्या साफ करा. मेन स्विच आणि पाण्याची मेन चावी कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला, म्हाताऱ्यांना आणि मुलांनाही, दाखवून ठेवा. कूलरची पिन तीन पायांची आहे का आणि अर्थिंग जिवंत आहे का हे वायरमनकडून तपासून घ्या. दोनशे पानी वही आणून तिच्यावर ‘घर’ असं लिहा आणि पहिली नोंद आजच करा. आणि तुमच्या घरात मुलगी असेल, तर पुढच्या वेळी नळ गळेल तेव्हा पान्हा तिच्या हातात द्या आणि तुम्ही मागे उभे राहा.